वंशाकडून नात्याकडे : इरावती कर्वे यांच्या लेखनातील मानवशास्त्रीय दृष्टी

१

इरावती कर्वे यांच्या लेखनाकडे पाहण्याची मराठी समीक्षेची एक रीत आता रूढ झाली आहे. 'परिपूर्ती' (१९४९), 'भोवरा' (१९६०) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेला 'गंगाजल' (१९७२) हे संग्रह ललितनिबंधाच्या प्रकरणात येतात. दुर्गा भागवत आणि विंदा करंदीकर यांच्या शेजारी बाईंना स्थान मिळते आणि लघुनिबंधाची जुनी चाकोरी मोडल्याचे श्रेय त्यांना वाटून दिले जाते. 'युगान्त' (१९६७) महाभारत-मीमांसेच्या खात्यावर जमा होते. भारतातील नातेव्यवस्थेवरचा १९५३चा इंग्रजी ग्रंथ समाजशास्त्राच्या कपाटात राहतो आणि मराठीचा विद्यार्थी त्याचे नाव घेतो, पण तो बहुधा उघडत नाही. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) या दोन कपाटांच्या मध्ये कोठे तरी पडून असते. एकाच लेखिकेचे असे चार तुकडे केले, की प्रत्येक तुकड्याचे कौतुक करणे सोपे जाते. मात्र या तुकड्यांना जोडणारी दृष्टी कोणती आणि ती कशातून घडली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न विचारायचा आहे. मानवशास्त्राच्या शिक्षणाने इरावतीबाईंना काय दिले, त्यांच्या कामाची दिशा त्यामुळे कशी ठरली आणि त्या शिक्षणाचे कोणते ओझे त्यांना अखेरपर्यंत वाहावे लागले, याचा शोध येथे घेतला आहे. ही चौकशी केवळ चरित्रात्मक नाही. निबंध, टीका आणि शास्त्र यांच्यातील सीमारेषा आपण कशाच्या आधारे आखतो, याची तपासणीही तिच्यात अंतर्भूत आहे.

हा प्रश्न जालन्याकडून विचारण्याला एक कारण आहे. मराठवाड्यातील विद्यार्थी मानवशास्त्राकडे बहुधा आडवाटेने येतो. समाजशास्त्राच्या एखाद्या अभ्यासपत्रिकेत किंवा मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील लोकसाहित्यात त्याची या विषयाशी पहिली गाठ पडते. अंबड, घनसावंगी, भोकरदन, मंठा या भागांतून आलेला विद्यार्थी ओव्या गोळा करतो, जत्रेचे वर्णन लिहितो, आपल्याच आजीला प्रश्न विचारतो आणि मग विचारतो, 'हा विषय घेऊन पुढे काय?' या प्रश्नात पोटाची काळजी असते, आणि ती रास्तच आहे. पण त्याच्या पोटात दुसराही प्रश्न असतो. जिला प्रश्न विचारले ती आजी आणि ज्याने उत्तरे लिहून घेतली तो नातू, यांच्यात त्या वहीमुळे काय झाले? इरावतीबाईंच्या वाटचालीतून या दोन्ही प्रश्नांना काही उत्तर मिळते. ते पूर्ण नाही. त्याचे अपुरेपणही समजून घेण्यासारखे आहे.

२

आरंभ विषयाच्या नावापासूनच करावा लागतो. या शास्त्राला मराठीत दोन नावे आहेत : मानवशास्त्र आणि मानववंशशास्त्र. दुसरे नाव लोकांच्या तोंडी अधिक आहे आणि त्यात 'वंश' हा शब्द मधोमध बसला आहे. हा शब्द केवळ भाषांतरकाराच्या सोयीने आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शास्त्राची मोठी शाखा खरोखरच वंशाचे शास्त्र होती. कवटीची लांबी-रुंदी, नाकाचा निर्देशांक, कातडीचा रंग यांच्या आधारे माणसांची वर्गवारी करता येते, अशी तिची श्रद्धा होती. इरावतीबाईंचे शिक्षण याच शाखेच्या अगदी गाभ्यात झाले.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला आणि तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शालेय शिक्षण पुण्यात हुजूरपागेत झाले, १९२६मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८मध्ये एम. ए. केले. त्या वेळी त्यांचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. आपल्याच जातीपासून अभ्यासाला आरंभ करणाऱ्या या विद्यार्थिनीला पुढच्या पायरीवर अगदी परक्या वस्तूंना हात लावावा लागला. १९२८च्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र हे तीन विषय एकाच छपराखाली होते आणि संस्थेचे संचालक होते ऑयगेन फिशर.

फिशर यांचे नाव आज निर्मळपणे घेता येत नाही. १९०८मध्ये तेव्हाच्या जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र रक्ताच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी १९१३मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार पुढे वंशशुद्धीच्या राजकारणाने घेतला. १९३३मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि १९४०मध्ये नाझी पक्षाचे सभासद. इरावतीबाई तेथे होत्या त्या वेळी हे सर्व घडायचे होते, परंतु त्याची बीजे प्रयोगशाळेत होती. मानवी कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. युरोपीय कवटीत ही विषमता विशेष आढळेल आणि तिचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी लावता येईल, अशी अपेक्षा त्या वातावरणात होती. इरावतीबाईंना प्रबंधासाठी कवटीची ही विषमताच विषय म्हणून मिळाली. त्यांनी मोजमापे घेतली आणि विषमतेचा वंशाशी संबंध जोडता येत नाही, असा निष्कर्ष मांडला. ऊर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी २०२४मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामुळे ही घटना सर्वसाधारण वाचकापर्यंत पोहोचली.

या घटनेला वीरकथेचे रूप देण्याचा मोह टाळला पाहिजे. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परदेशात, परभाषेत, मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष काढणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हा निष्कर्ष त्यांना त्या शास्त्राच्याच शिस्तीने दिला होता. मोजपट्टी ज्या गृहीताच्या सेवेला जुंपली होती, ते गृहीत मोजपट्टीनेच खोटे पाडले. येथून एक स्वभाव घडला : जे दिसते ते आधी मोजायचे, आकडे जे सांगतील ते स्वीकारायचे, मग ते कोणालाही रुचो वा न रुचो. त्याबरोबर एक सवयही लागली, आणि तिचा विचार पुढे करायचा आहे. माणूस ही मोजण्याजोगी वस्तू आहे, ही ती सवय.

३

परत आल्यावर लगेच मानवशास्त्राची नोकरी वाट पाहत उभी नव्हती. १९३१ ते १९३६ या काळात त्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या अध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि ११ ऑगस्ट १९७०ला मृत्यू येईपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः तेच राहिले. 'पुढे काय?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने मधली वर्षे ध्यानात ठेवावीत. बर्लिनची पदवी घेतलेल्या स्त्रीलाही विषयाशी जुळणारे काम मिळण्यासाठी जवळजवळ दशकभर थांबावे लागले.

डेक्कन कॉलेजात त्यांना ह. धी. सांकलिया यांच्यासारखे सहकारी लाभले. गुजरातेतील लांघणज येथे उत्खननात सूक्ष्मास्त्रांबरोबर मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा बर्लिनमध्ये घेतलेले शिक्षण कामी आले. सांकलियांचे पुरातत्त्व आणि बाईंचे शारीर मानवशास्त्र एकत्र येऊन १९४९मध्ये त्यावर संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. जिवंत माणसांची मोजमापेही चालूच होती. १९५१मध्ये संख्याशास्त्राचे जाणकार वि. म. दांडेकर यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींच्या शरीरमापनाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या मापनातून निघालेल्या सिद्धान्ताचे महत्त्व साहित्याच्या विद्यार्थ्यानेही समजून घेतले पाहिजे. ब्राह्मण, कुंभार, सुतार अशी जी मोठी नावे आपण वापरतो, ती एका मूळ जातीच्या फांद्यांची नावे आहेत, असा समज रूढ होता. मूळ जात एक होती आणि पुढे ती फुटत गेली, अशी ती कल्पना. घुर्ये यांचे विवेचनही याच दिशेचे होते. इरावतीबाईंनी उलट बाजू मांडली. लग्नव्यवहार ज्या वर्तुळाच्या आत होतो ती लहान जात हाच खरा घटक आहे. एका नावाखाली येणाऱ्या अशा अनेक लहान जाती रक्ताने एकमेकींच्या जवळ असतीलच असे नाही. एकच धंदा आणि एकच दर्जा यांमुळे त्या शेजारी येऊन बसल्या आहेत, एका खोडातून फुटलेल्या नाहीत. १९६१च्या हिंदू समाजावरील इंग्रजी पुस्तकात हा विचार पूर्णत्वास गेला.

बर्लिनमधील शिष्येने मार्गदर्शकाचे गृहीत नाकारले, पुण्यातील संशोधिकेने आपल्या पहिल्या गुरूंचे. पण येथे एक विसंगतीही आहे. वंशाची कल्पना मोडण्यासाठी त्या वंशशास्त्राचेच हत्यार वापरत राहिल्या. जात हा सामाजिक व्यवहार आहे हे सिद्ध करायला त्यांना नाकाची आणि डोक्याची मापे लागली. नंदिनी सुंदर यांनी २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ लेखात इरावतीबाईंच्या कार्याची सहृदय आणि कठोर अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा केली आहे. तेव्हापासून त्यांना केवळ आद्य स्त्री-मानवशास्त्रज्ञ म्हणून ओवाळून मोकळे होता येत नाही.

४

मापनाच्या जोडीने बाईंचे लक्ष हळूहळू दुसऱ्या वस्तूकडे गेले, आणि ती वस्तू होती शब्द. १९५३च्या ग्रंथात त्यांनी भारताचे नातेव्यवस्थेच्या दृष्टीने उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले. त्यासाठी सर्वांत मोठे साधन म्हणून भिन्न भाषांतील नातेवाचक शब्द वापरले. उत्तरेत मुलगी दूर, अनोळखी घरी दिली जाते आणि रक्ताच्या जवळिकीत लग्न निषिद्ध असते. दक्षिणेत ती मामाच्या, आत्याच्या, म्हणजे ओळखीच्याच घरी जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये येतो. येथील पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, आत्याच्या मुलीशी मात्र सहसा नाही.

या विवेचनाची शक्ती पाहायची असेल तर जालना जिल्ह्यातील कोणत्याही घराचा उंबरा ओलांडावा. मामाच्या मुलीवरचा भाच्याचा हक्क हा येथे आजही थट्टेचा आणि क्वचित भांडणाचा विषय असतो. सून सासूला 'आत्याबाई' म्हणते आणि जुन्या वळणाच्या घरात सासरा 'मामंजी' असतो. ज्या घरांत असे लग्न कधी झाले नाही, तेथेही हेच शब्द चालतात. भाच्याने मामाची मुलगी केली, की त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असते. व्यवहार सुटला तरी शब्दाने त्याची खूण जपून ठेवली आहे. रोज कानांवर पडणाऱ्या 'आत्याबाई' या हाकेत एक पूर्ण समाजरचना दडलेली आहे, हे ज्या दिवशी विद्यार्थ्याच्या लक्षात येते त्या दिवशी त्याच्या दृष्टीत काही तरी कायमचे बदलते. मानवशास्त्राच्या शिक्षणाचा परिणाम म्हणतात तो हाच. आपले नेहमीचे जग क्षणभर परके होते आणि मग नव्या अर्थाने पुन्हा आपले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. रशियन रूपवाद्यांनी कलेचे कार्य सांगताना परिचिताचे अपरिचितीकरण हीच कल्पना मांडली होती. फरक असा, की रूपवाद्यांचे अपरिचितीकरण संवेदनेला ताजेपणा देऊन थांबते. मानवशास्त्रज्ञाला तेथून पुढे जाऊन ते परके झालेले जग इतर जगांशी ताडून पाहावे लागते. तुलना ही त्याची पुढची पायरी असते. इरावतीबाईंच्या निबंधांना इतर समकालीन ललितनिबंधांहून वेगळी घनता येते ती या पायरीमुळे.

५

आता त्या निबंधांकडे वळू. 'परिपूर्ती' या शीर्षकनिबंधाचा विषय सर्वश्रुत आहे. एका समारंभात निवेदिकेची ओळख कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते आणि तिला काही तरी उणे राहिल्यासारखे वाटते. पुढे रस्त्यात शाळकरी मुलांच्या घोळक्यातून आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून तिचा उल्लेख कानी पडतो आणि ओळख पुरी होते. हा निबंध मातृत्वाच्या गौरवाचा म्हणून वाचला जातो, तर स्त्रीवादी वाचक त्याच कारणाने त्याच्याकडे साशंकतेने पाहतो. मला वाटते, दोन्ही वाचने निबंधाच्या रचनेकडे दुर्लक्ष करतात.

नातेव्यवस्थेचा आराखडा काढताना पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ काढतात आणि मध्यभागी 'मी' ठेवतात. सारी नाती त्या 'मी'पासून मोजायची असतात. 'परिपूर्ती'तील निवेदिका आपल्यालाच त्या मध्यभागी ठेवते आणि रेघा एकेक करून भरत जाते : वर वडील, बाजूला पती, त्याच्यावर सासरे. आराखड्यात एक रेघ खाली जायची राहिली आहे, आणि ती एका अनोळखी मुलाच्या तोंडून पुरी होते. निबंधाचा विनोद आणि त्याची कळ दोन्ही यातूनच येतात. माणसाची ओळख नात्यांच्या जाळ्यात असते हे शास्त्र म्हणून जी सांगते, तिला स्वतःवर तो सिद्धान्त लागू होताना पाहावे लागते. यात आनंद आहे, आणि विदुषी म्हणून कमावलेले नाव त्या आराखड्यात कोठेच बसत नाही याची मूक जाणीवही आहे. निबंध ती जाणीव बोलून दाखवत नाही. ती न बोलण्यात निबंधाचा प्रामाणिकपणा आहे की मर्यादा, याविषयी मतभेद होऊ शकतो.

'वाटचाल' या वारीवरच्या निबंधाचे उदाहरण अधिक बोलके आहे. लेखिका पंढरीच्या वाटेवर एका दिंडीत चालते. दिंडीत ब्राह्मण आहेत, मराठे आहेत. अभंग एका सुरात गातात, वाट एक चालतात, पण जेवणाच्या वेळी पंगती वेगळ्या होतात. हे पाहून तिला दुःख होते, ती आपल्या परीने ती रेघ ओलांडू पाहते आणि मराठा बायकांशी तिचे मैत्र जुळते. पंढरपूरला जाणारे लोक ज्या देशात राहतात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्या तिला या वाटेवर सापडते. भूगोलाने किंवा भाषेने प्रदेशाची व्याख्या करणाऱ्यांना मानवशास्त्रज्ञाचे हे उत्तर आहे. समाज ज्या कृतीतून स्वतःला पुनःपुन्हा घडवतो, त्या कृतीने त्याची सीमा ठरते.

या निबंधाच्या पुढच्या प्रवासाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्याचे इंग्रजी रूपांतर दि. धों. कर्वे यांनी केले आणि ते १९६२मध्ये अमेरिकेतील आशियाविषयक अभ्यासाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८८मध्ये एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी महाराष्ट्रातील धर्मजीवनावर संपादित केलेल्या ग्रंथातही त्याला स्थान मिळाले. म्हणजे जो मजकूर मराठीत ललितनिबंध ठरतो, तोच इंग्रजीत समाजशास्त्रीय लेख म्हणून वाचला जातो. तेव्हा ललित आणि शास्त्रीय ही भेदरेषा लेखनात आहे, की वाचणाऱ्या संस्थेत? अभ्यासमंडळे आणि साहित्येतिहास जी खाती पाडतात, त्यांच्यावर हा एकच निबंध प्रश्नचिन्ह उमटवतो.

माझ्या मते याचे कारण शास्त्राच्या घडणीतच आहे. शरीरमापनाच्या तक्त्यात मोजणाऱ्याला जागा नसते. नात्याच्या आराखड्यात मात्र 'मी' असल्यावाचून पहिली रेघही ओढता येत नाही. कवटीकडून नातेशब्दाकडे येताना इरावतीबाईंना वर्णनात स्वतःला सामावून घेणे भाग पडले, आणि ज्याला आपण त्यांचे ललितलेखन म्हणतो ते त्या सामावून घेण्याचे नाव आहे. क्षेत्रकार्याच्या वहीत न मावलेला उरलासुरला अनुभव त्यांनी निबंधात ओतला, अशी समजूत असेल तर ती सोडून दिली पाहिजे. निबंध हा त्यांच्या शास्त्राचाच पुढचा टप्पा होता.

६

'युगान्त'ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून व्यक्तिरेखांचे नवे दर्शन म्हणून त्याची स्तुती होत आली. या ग्रंथामागे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार आहे. प्रक्षेप बाजूला सारून मूळ कथा पाहायची ही शिस्त मोजपट्टीच्या शिस्तीला जवळची आहे. पण ग्रंथाची दृष्टी नातेव्यवस्थेच्या अभ्यासातून आली आहे. 'पितापुत्र' या प्रकरणात विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याविषयी जी शंका मांडली आहे, ती नियोगाची रूढी आणि दिराचे अधिकार ठाऊक असलेल्या अभ्यासकालाच सुचावी. 'मी कोण?' या प्रकरणातील कर्ण दानशूर आणि अन्यायग्रस्त अशा मराठी नाटक-कादंबऱ्यांतल्या कर्णाहून निराळा आहे. ज्याला नात्याच्या आराखड्यात जागाच मिळालेली नाही असा तो माणूस आहे, आणि मिळते तेव्हा ती घेण्याची वेळ निघून गेलेली असते. 'परिपूर्ती'तील निवेदिकेची ओळख ज्या रेघांनी पुरी झाली, त्या रेघा नसतील तर काय होते, याचे उत्तर कर्ण देतो. दोन्ही लेखनांमध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे, प्रश्न एकच आहे.

'मयसभा' या प्रकरणात ही दृष्टी अधिक धारदार होते. खांडववनाचे दहन परंपरेने अग्नीच्या तृप्तीची कथा म्हणून ऐकले. इरावतीबाई तेथे जमीन मोकळी करणारे क्षत्रिय आणि त्यांत जळून गेलेले वनातले रहिवासी पाहतात. वनवासी लोकांत हिंडलेल्या अभ्यासिकेचा हा डोळा आहे. सभागृहाचे वैभव कोणाच्या राखेवर उभे राहिले, हे तिने विचारले. मराठीतील पुढच्या विद्रोही महाभारत-वाचनांना या प्रकरणाने वाट करून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

७

येथवर जे सांगितले ते जमेच्या बाजूचे. जालन्याहून पाहणाऱ्याला खर्चाची बाजूही मांडावी लागते.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी १९५६पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्याचा भाग होता. पुण्या-मुंबईकडे घुर्ये आणि कर्वे यांची परंपरा घडत असता, इकडे मानवशास्त्र आले ते निजामाच्या प्रशासनामार्फत. सय्यद सिराजुल हसन यांनी संस्थानातील जाती-जमातींवर तयार केलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ १९२०मध्ये प्रसिद्ध झाला. धनगर, महार, मांग, बंजारा अशी येथल्या समाजांची एकेक नोंद त्यात आहे : उत्पत्ती, पोटभेद, लग्नविधी, मृत्यूविधी, धंदा. पुढे उस्मानियातील श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळच्या शमीरपेटवर १९५५मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याने भारतीय खेड्याच्या अभ्यासाला नवे वळण दिले. पण तेही खेडे तेलुगू मुलखातले. इरावतीबाईंच्या उत्तरायुष्यातील दोन महत्त्वाची सर्वेक्षणे, फलटणचे आणि कोयनेचे, पश्चिम महाराष्ट्रातली आहेत. मराठवाडा या दोन परंपरांच्या सांध्यावर राहिला, आणि येथल्या माणसाचे पहिले मानवशास्त्रीय चित्र म्हणजे १९२०ची ती नोंद.

त्या ग्रंथात ज्याच्या पणजोबाची नोंद झाली, तो विद्यार्थी आज हे शास्त्र शिकतो आहे. इरावतीबाईंना स्वतःच्या जातीपासून आरंभ करता आला, कारण मोजणाऱ्याच्या खुर्चीत बसणे त्यांच्या समाजाला परके नव्हते. जो पिढ्यान्पिढ्या मोजला गेला, त्याच्या हाती मोजपट्टी आली की तो काय करील? 'वाटचाल' पुन्हा वाचताना हा प्रश्न टोचतो. वेगळ्या पंगतीचे दुःख कोणाचे आहे? ते लेखिकेचे आहे आणि खरे आहे. परंतु त्या मराठा बायकांना या विदुषी सोबतिणीविषयी काय वाटले, त्यांनी तिला कशी पारखली, हे निबंधातून कळायला मार्ग नाही. दृष्टी एकाच दिशेने वाहते. नात्याचा आराखडा काढणारीने 'मी'च्या जागी स्वतःला ठेवले, हे बर्लिनच्या तुलनेत फार मोठे पाऊल होते. त्या जागी समोरच्या बाईला ठेवून पाहणे हे पाऊल बाकी राहिले.

ते पाऊल मराठीत मानवशास्त्रज्ञांनी टाकले नाही. ते आत्मकथनांनी टाकले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही पुस्तके ज्या समाजांविषयी आहेत, त्यांच्या नोंदी शास्त्राच्या ग्रंथांतून आधीच झाल्या होत्या. मात्र त्या नोंदींतला माहितीदार येथे लेखक झाला. जात पंचायत, देवक, लग्न, भाषा हे सगळे तपशील या पुस्तकांत आहेत, पण ते सांगणारा त्या तपशिलांचा मालक आहे आणि बळीही. समीक्षेने या पुस्तकांना सामाजिक दस्तऐवज म्हणून जेव्हा गौरवले, तेव्हा तिने नकळत त्यांना पुन्हा जुन्या नोंदीच्या पातळीवर नेले. इरावतीबाईंच्या निबंधात शास्त्र असूनही त्याला ललित म्हणायचे आणि गायकवाडांच्या लेखनात कला असूनही त्याला दस्तऐवज म्हणायचे, हा न्याय कोणत्या वाङ्मयीन निकषाचा? मला येथे निकषापेक्षा लेखकाची सामाजिक जागाच काम करताना दिसते.

तरीही इरावतीबाईंकडे परत यावे लागते, आणि त्याचे कारण त्यांचे अखेरच्या काळातील एक काम आहे. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांचे सर्वेक्षण त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केले आणि ते १९६९मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. कवटीच्या विषमतेपासून निघालेली अभ्यासिका शेवटी जमीन, घर, देऊळ आणि सोयरीक गमावलेल्या माणसांपाशी येऊन पोहोचली होती. गाव उठले की नुकसान केवळ एकरांत मोजता येत नाही, लग्नाचे वर्तुळ मोडते, शेजार विखुरतो, हे नातेव्यवस्थेच्या अभ्यासकाला जितके स्पष्ट दिसते तितके महसुलाच्या कारकुनाला दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास अंबड-घनसावंगीकडच्या तांड्यावस्त्यांतून उसाच्या तोडणीला निघणाऱ्या कोयत्यांकडे या नजरेने पाहिले, तर दिसते की तेथे मजुरीचा हिशेबही नात्यात बांधलेला असतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता गणला जातो. मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. या व्यवस्थेत लग्न कधी आणि कोणाशी ठरते, हा प्रश्न नातेव्यवस्थेचा आहे आणि मजुरीचाही. तो विचारण्यासाठी १९५३चा ग्रंथ आजही हाताशी असावा लागतो. त्याचे उत्तर मात्र कोयत्यावर गेलेल्या घरातल्या मुलामुलींना अधिक नेमके देता येईल.

म्हणून 'हा विषय घेऊन पुढे काय?' या प्रश्नाला नोकऱ्यांची यादी देऊन उत्तर पुरे होत नाही. संग्रहालये, आदिवासी विकास, पुनर्वसन, सर्वेक्षण, अध्यापन ही कामे आहेत आणि ती सहज मिळत नाहीत, हे बाईंच्या स्वतःच्या मधल्या वर्षांनीच सांगितले आहे. या शिक्षणाने जे मिळते ते असे, की माणूस ज्या शब्दांनी हाक मारतो त्यांचा अर्थ त्याला ऐकू येऊ लागतो, आणि एकदा ऐकू आल्यावर तो कान पुन्हा बंद करता येत नाही. बर्लिनच्या प्रयोगशाळेतील मूक कवट्यांपासून दिंडीतल्या बोलत्या बायकांपर्यंत इरावतीबाईंनी केलेली वाटचाल हा या शास्त्राचा मराठीतील सर्वांत मोठा प्रवास आहे. त्या बायकांनी वही हाती घेणे हा त्याचा पुढचा मुक्काम. आजीला प्रश्न विचारणाऱ्या जालन्याच्या विद्यार्थ्याने उत्तर लिहून झाल्यावर वही मिटू नये. आजीने त्याला कोणता प्रश्न विचारला, तोही त्याच पानावर लिहून ठेवावा.